एअरोजेलचा कोट

रविवार सकाळ, लष्कर मोहल्ला, शिंप्याचं दुकान. हजर: मी, लडाखला दुर्बिणीवर काम करायला निघालेली माझी मुलगी आणि तो शिंपी. त्याचं नाव विचारायचं राहिलं. मला घाई होती.

कोटाच्या अस्तरात घालायला मुलीनं एअरोजेलची चादर आणली होती. ती म्हणजे जवळजवळ हवाच. पण मंगळावरच्या गाडीची यंत्रं तिच्यामुळे गारठत नाहीत. तिची पूड उडते म्हणून त्यानं नाकाला फडकं बांधून कोट शिवला.

माप बसलं की गिऱ्हाइकाच्या खांद्यावर तळहात ठेवून क्षणभर थांबायची त्याची सवय. मुलीनं कोट घातल्यावर त्यानं हात ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला.

"काय झालं?" मी घड्याळ बघत विचारलं.

"अंगाची ऊब हाताला लागेना, अक्का."

"मग बरोबर झालाय, मामा," मुलगी हसली. "ऊब आतच राहायला हवी."

"तुझं झालं गं. आईला कसं कळायचं?"

आणि त्यानं ब्लेड घेऊन बगलेखालची आपलीच शिवण चार बोटं उसवली. "सरी, ठीक आहे अक्का, निघताना तुम्हीच टाके घाला."

आता बॅगा दारात आहेत. बाकीची कामं उरकली. कोट घालून ती दोनदा विचारून गेली, "आई, शिवतेस ना?" दोन्ही वेळा मी त्या फटीत बोटं घातली. आत छान ऊब होती. सुई ओवून ठेवली आहे. टाके तेवढे राहिलेत.