आमच्याकडे लख्ख चालते

मनमोहन धैर्यवान यांना आयुष्यात दोन गोष्टींचा मनापासून तिटकारा होता. एक, अर्धवट वापरलेली वस्तू टाकून देणं, आणि दुसरी, आपलं चुकलं असं कबूल करणं. पहिल्या गोष्टीची घरात थट्टा व्हायची. नव्या साबणाच्या पाठीवर जुन्याची उरलेली चकती चिकटवलेली असायची, टूथपेस्टची ट्यूब कात्रीने उभी कापून आतून पुसून घेतली जायची. दुसऱ्या गोष्टीची थट्टा करण्याची हिंमत मात्र त्यांच्या बायकोलाही, म्हणजे दुर्गाबाईंनाही, कधी झाली नाही.

खोताच्या वाडीच्या अलीकडच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. बॅलार्ड पिअरला एका जहाज कंपनीच्या अकाउंट्स खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. एकुलत्या एक मुलीचं, देविकाचं, लग्न ठरलं तेव्हा त्यांनी एक हँडीकॅम घेतला. तो टेपवर नाही, तर तळहातावर मावेल एवढ्या छोट्या डीव्हीडीवर चित्रण करायचा. लग्न झालं आणि देविका नवऱ्याबरोबर, सिद्धार्थबरोबर, मस्कतला गेली. कॅमेरा कपाटात गेला. वापराविना पडलेली वस्तू बघून मनमोहनांना जेवण गोड लागेना.

युक्ती दुर्गाबाईंनी काढली. देविकाला स्वयंपाकाचा गंध नव्हता. लग्नाआधी अभ्यास, मग नोकरी, स्वयंपाकघरात ती फक्त जेवायला यायची. आता परदेशात बसून तिला आईच्या हातचं आठवायला लागलं होतं आणि फोनवर सांगून परभी, म्हणजे पाठारे प्रभूंचा, स्वयंपाक थोडाच येतो? त्यात मोजमाप नसतं, हात बघावा लागतो. दुर्गाबाई म्हणाल्या, "अहो, मी करते, तुम्ही काढा. ती बघेल आणि शिकेल."

मग रविवारची सकाळ त्यात जाऊ लागली. दुर्गाबाई चांगली साडी नेसून ओट्यापाशी उभ्या राहायच्या आणि कॅमेऱ्याकडे बघून थेट मुलीशी बोलायच्या. "देविका, इकडे बघ. कोळंबीचा धागा असा काढायचा." स्टुलावर उभे राहिलेले मनमोहन मध्येच काहीतरी सुचवायचे, की त्या डाफरायच्या, "अहो, तुमचा आवाज येतोय त्यात!" संबार मसाला झाला, कोळंबीचं आटलं झालं, कोबी-कोळंबीचं भानोलं झालं. ते तर त्यांनी मुद्दाम खाली शेगडी आणि वर झाकणावर निखारे ठेवून, जुन्या पद्धतीने केलं. आणि प्रत्येक वेळी चित्रण आटोपून कॅमेरा बंद झाला की कपाळावर हात मारून म्हणायच्या, "अगं बाई, एक सांगायचं राहिलंच!"

हे राहिलेलं घालायला डिस्कवर जागा ठेवावी लागायची. डिस्क बाहेर काढताना कॅमेरा दर वेळी विचारायचा, फायनलाइज करायची का? एकदा केली की पुढे त्यावर काही भरता येत नाही, एवढं मनमोहनांना ठाऊक होतं. वर्षाचे हिशेब बंद झाल्यावर राहून गेलेली एखादी नोंद निघाली की काय नाकदुऱ्या काढाव्या लागतात, हे त्यांनी जन्मभर बघितलं होतं. शिवाय अर्धी रिकामी डिस्क कायमची बंद करायची म्हणजे त्यांच्या जिवावरच यायचं. त्यांनी प्रत्येक वेळी 'नाही'चं बटण दाबलं. त्यात लबाडी नव्हती, आळसही नव्हता. बायकोला अजून काही आठवेल म्हणून त्यांनी दार उघडं ठेवलं होतं, इतकंच.

कॅमेऱ्याची वायर टीव्हीला जोडली की चित्र लख्ख दिसायचं. आल्यागेल्याला ते हौसेने दाखवायचे. मग डिस्क मऊ धोतराच्या तुकड्याने पुसून, कापसात गुंडाळून, मस्कतला निघालेल्या कुणाच्या तरी हाती दिल्या गेल्या.

देविकाचा फोन आला. "आई, काहीच दिसत नाही गं. प्लेअर म्हणतो, डिस्कच नाही."

मनमोहनांनी रिसीव्हर हातात घेतला. "नीट बसव. छोटी डिस्क आहे, मधल्या खोबणीत बसवायची."

"तशीच बसवली, बाबा."

"मग तुमचा प्लेअर हलका आहे. आमच्याकडे लख्ख चालते."

डिस्क परत आल्या. त्यांनी कॅमेऱ्यात घालून बघितल्या, चालल्या. पुन्हा पाठवल्या. सिद्धार्थने सासऱ्यांचा मान राखून नवीन प्लेअर आणला, त्यावरही नाही. मनमोहनांनी डिस्कचा ब्रँड बदलला, दुर्गाबाईंना पुन्हा संबार मसाला करायला लावला, ती डिस्क पाठवली. नाही. सिद्धार्थने आणखी एक, चांगला भारीतला प्लेअर घेतला. त्याचंही तेच, आणि सगळ्या डिस्क पुन्हा मनमोहनांकडे परत आल्या. तेव्हा मनमोहन फोनवर म्हणाले, "तिकडचा मालच तसा." देविका चिडली. "बाबा, तीन-तीन प्लेअर खराब असतील का हो? तिथे कुणाच्या तरी घरी एकदा लावून बघा ना!" त्यांनी ते मनावर घेतलं नाही. स्वतःच्या डोळ्यांनी रोज दिसतंय ते दुसऱ्याच्या घरी जाऊन कशाला तपासायचं? आणि समजा तिथे नाहीच चाललं तर? हा दुसरा प्रश्न त्यांनी स्वतःला कधी विचारला नाही, पण तो त्यांच्या मनात नव्हता असं कुणी म्हणू नये.

या ओढाताणीत दुर्गाबाईंचं मन हळूहळू उतरलं. नवऱ्यावर त्यांचा विश्वास होता, आणि डिस्क चालताना त्या स्वतः बघत होत्या. मग राहिली फक्त लेक. एका रविवारी मनमोहनांनी स्टूल ओढलं तेव्हा त्या म्हणाल्या, "राहू द्या. तिला बघायचंच नसेल. आता सगळं तयार मिळतं म्हणे तिकडे." त्यानंतर फोनवर त्या नातवंडांची चौकशी करायच्या, तब्येतीचं सांगायच्या, पण स्वयंपाकाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. देविकाने विचारलं तरी म्हणायच्या, "करते आपली काहीतरी." मायलेकींचं भांडण झालं असतं तर मिटलंही असतं. हे भांडण नव्हतंच, त्यामुळे ते तसंच वर्षानुवर्षं राहिलं.

गेल्या साली दुर्गाबाईंनी अंथरूण धरलं. देविका धावत आली. इस्पितळात शेवटच्या आठवड्यात एका दुपारी त्यांना जरा हुशारी वाटत होती. लेकीचा हात हातात घेऊन त्यांनी विचारलं, "ते मी केलेलं... बघितलंस का गं कधी?"

 देविकाने आईला बरं वाटावं म्हणून सांगितलं, "हो आई. बघितलं सगळं."

"मग सांग, भानोलं उतरवायच्या आधी मी काय करते?"

देविका म्हणाली, "कोथिंबीर घालतेस."

दुर्गाबाई किंचित हसल्या, हात सोडवून घेतला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. त्या कडेने चमचाभर कच्चं तेल सोडतात हे मनमोहनांना माहीत होतं. ते खाटेच्या पायथ्याशी उभे होते. त्यांना सांगता आलं असतं, निदान 'पोरीकडे खरंच चालत नव्हत्या गं' एवढं तरी. पण तसं म्हटलं तर दोष कुणाकडे येतो, या विचारात ती वेळ निघून गेली. चार दिवसांनी दुर्गाबाई गेल्या. देविका मस्कतला परतली ती आईला खोटं बोलल्याचं ओझं घेऊन.

वर्षश्राद्ध दादरला केलं, दुर्गाबाईंच्या धाकट्या बहिणीकडे. मृणालिनीताईंचं घर ऐसपैस होतं आणि त्यांचा मुलगा राजेश सगळं निगुतीने करणारा. देविकाला रजा मिळाली नाही. जेवणं उरकल्यावर मृणालिनीताई म्हणाल्या, "भावोजी, ताईची ती डिस्क आणलीत ना? एकदा आवाज ऐकू दे तिचा." त्यांच्यासाठी राजेशने जुना डीव्हीडी प्लेअर जपून ठेवला होता, त्यावर त्या रोज सकाळी आरत्या लावायच्या. मनमोहनांनी कापसातून डिस्क काढली, राजेशने मधल्या खोबणीत बसवली. पाहुणे सतरंजीवर सरकून बसले. प्लेअर थोडा वेळ घरघरला आणि पडद्यावर अक्षरं आली, 'नो डिस्क'.

"तुझा प्लेअर हलका आहे, राजेश," मनमोहन म्हणाले. "आमच्याकडे लख्ख चालते."

हे वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं की विचार करावाच लागला नाही. बोलून झालं आणि त्यांचा चेहरा उतरला.

राजेश डिस्क उलटसुलट करून बघत होता. "काका, ही फायनलाइज केली होती का? आमच्या महाबळेश्वरच्या ट्रिपचं असंच झालं होतं. ज्या कॅमेऱ्यात काढली त्यातच दिसायची, बाकी कुठे नाही. बाकीच्यांना ती कोरीच वाटते. कॅमेऱ्यात घालून फायनलाइज केली आणि चालली. दहा मिनिटांचं काम."

"म्हणजे देविका बिचारी हेच सांगत होती का रे इतकी वर्षं?" मृणालिनीताईंनी विचारलं. त्यांच्या मनात काही नव्हतं. मनमोहनांनी डिस्क परत कापसात गुंडाळली आणि टॅक्सी बोलवायला सांगितली. 

घरी येऊन त्यांनी कॅमेरा काढला. बॅटरी केव्हाच मेली होती, वायर लावून चालायचा. नेहमी 'नाही' म्हटलं तिथे त्यांनी 'हो' म्हटलं. काम चालू असताना कॅमेरा हलवायचा नाही असं पडद्यावर लिहून आलं, म्हणून टेबलापासून दूर, भिंतीला टेकून ते उभे राहिले. दहा मिनिटं म्हणजे काय, चहा उकळून गाळून होतो तेवढा वेळ. तेवढ्यासाठी एका बाईने लेकीकडे पाठ फिरवून प्राण सोडला, असं त्यांच्या मनात आलं. त्या दिवशी ते खूप रडले. बायको गेली तेव्हासुद्धा इतके रडले नव्हते.

एक एक करत त्यांनी सगळ्या डिस्क बंद केल्या. एक निम्म्यावर अडकली, ती पुढे कॅमेऱ्यातही उघडेना. बाकीच्या राजेशकडे लावून बघितल्या, चालल्या. सिद्धार्थच्या ऑफिसातला एकजण काळाचौकीला घरी आला होता, त्याच्या हाती पाठवल्या. देविकाला काय सांगायचं ते मात्र ठरेना. साफ करून घेतल्या म्हटलं असतं तरी तिने मानलं असतं.

तिचा फोन आला तेव्हा आधी दुर्गाबाईच ऐकू आल्या. मागे टीव्ही चालू होता. "अहो, तुमचा आवाज येतोय त्यात!" आणि मग देविका, एकाच वेळी हसत आणि रडत. "बाबा, चाललं! माळ्यावरचा प्लेअर काढला सिद्धार्थने, म्हटलं बघू या शेवटचं. ऐकताय ना? आई बोलतेय."

"ऐकतोय."

"तुम्ही म्हणत होतात तेच खरं. तेव्हा आमच्याच प्लेअरचं काहीतरी बिघडलेलं असणार. मी एकदा कुणाकडे तरी जाऊन बघायला हवं होतं, बाबा. कंटाळा केला मी. मला बघायचंच नाही असं आईला वाटलं, ते काही खोटं नव्हतं."

इथे मनमोहन गप्प बसू शकले असते. इतकी वर्षं बसलेच होते. पण लेक आपला अपराध स्वतःच्या पदरात घेतेय हे त्यांना ऐकवेना.

"नाही गं," ते म्हणाले. "प्लेअर चांगले होते तुमचे. मीच डिस्क बंद केल्या नव्हत्या. त्याशिवाय त्या दुसरीकडे चालतच नाहीत. चूक माझी होती."

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला.

"आईला माहीत होतं?"

"नाही. मलाच आता कळलं, वर्षश्राद्धाच्या दिवशी."

 मनमोहनांना वाटत होतं, खरं कळलं की पोरीच्या मनावरचं ओझं उतरेल. आता ती रागावेल, वाट्टेल ते बोलेल, आणि ते सगळं ऐकून घ्यायची त्यांनी तयारी केली होती. पण मशीन बिघडलं होतं असं समजून ती आईचं ते भिंतीकडे वळणं कसंबसं सोसत आली होती. आता त्याचा दोष द्यायला माणूस सापडला होता, आणि तिच्या माहेरचं तेवढंच एक माणूस उरलं होतं.

"मग आता मला कशाला सांगितलंत, बाबा?" तिने विचारलं.

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच उत्तर हवं होतं.