दाराला कुलूप होतं, मी आत होतो

भूतखेत, करणी, शाप — यातलं काही मी आयुष्यात मानलं नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत सदतीस वर्षं फायली वाचल्या. कागदावर असेल तेच खरं, ही सवय. आज वय एक्याऐंशी. एका कागदावर मी खोटं नोंदवलं होतं. ते दुरुस्त करायला हे लिहितोय.

दिल्लीत दर्यागंजला, मुख्य रस्त्याच्या आतल्या गल्लीत, दुसऱ्या महायुद्धाआधीची एक इमारत आहे. उंच छत, रुंद जिना. आम्ही तिथे दुसऱ्या मजल्यावर बावीस वर्षं भाड्याने राहिलो, मग द्वारकेला गेलो. बायको गेल्यावर द्वारकेचं घर खायला उठलं. तेवढ्यात कळलं, मालकाच्या नातवाने ती इमारत नव्याने करून घेतली आहे — लिफ्ट, नवी फरशी, मॉड्युलर किचन. रिकामा फ्लॅट एकच होता. पहिल्या मजल्यावरचा... एके काळी आमच्या खाली राहणाऱ्या लीलाताईंचा. घर म्हणजे नुसत्या भिंती, असं मनाला सांगितलं आणि घेतला.

दाराला डिजिटल लॉक. कडी नाही, कोयंडा नाही. कुलूप अडकवायला जागाच नाही — हे लक्षात ठेवा.

दुसऱ्या आठवड्यात सकाळी अकराला कुरिअरवाल्याचा फोन.

"अंकलजी, घर पे ताला लगा है."

"अरे भाई, मैं अंदर ही बैठा हूँ. बेल बजाओ."

"दस बार बजाई. ताला मेरे सामने लटक रहा है... चश्मा मुझे लगता है या आपको?"

बेल वाजलीच नव्हती. दार उघडलं तर जिना रिकामा. चुकीच्या घरी गेला असेल, म्हटलं. मग गॅसवाला परत गेला. मग हयातीच्या दाखल्यासाठी बँकेचा माणूस येऊन दाराखालून चिठ्ठी सरकवून गेला — 'मकान बंद मिला'. मी जिवंत आहे हे सांगायला मलाच बँकेत जावं लागलं.

मग एका दुपारी मुलीचा, मंजिरीचा फोन.

"बाबा, यार, कुठे गेलात? डबा घेऊन दारात उभी आहे मी. आणि हे कुलूप कसलं लावलंय?"

"मंजू, मी आत आहे. दाराला चिकटून उभा आहे. हे बघ, दार वाजवतोय."

"दारातून काहीच ऐकू येत नाहीये."

फोन स्पीकरवर टाकून मी दोन्ही हातांनी दार बडवत होतो. हँडल फिरेना. तिने फोटो पाठवला. नव्या दारावर गंजका कोयंडा, त्यात पितळी कुलूप, कोपऱ्यावर हिरव्या रंगाचा ओघळ. ते कुलूप माझं होतं. मीच ते यमुनेच्या पुलावरून खाली टाकलं होतं.

आता, कोणालाच सांगितलं नाही ते. लीलाताई निवृत्त शिक्षिका, एकट्या. मला भाऊ म्हणायच्या, भाऊबीजेला ओवाळायच्या. मालकाला त्यांचं घर हवं होतं. बाई सहा महिने तिथे राहतच नाहीत, एवढं कोर्टात दाखवलं की भाडेकरूला काढता येत होतं. मालक मला म्हणाला, "तुम साथ दो, तुम्हारे घर को हाथ नहीं लगाऊँगा." मंजिरीचं बारावीचं वर्ष होतं... मी हो म्हटलं.

एका दुपारी ताई आत झोपल्या असताना मी त्यांच्या दाराला बाहेरून माझं कुलूप घातलं. मालकाच्या माणसाने फोटो काढला. आवाजाने त्या उठल्या. आतून म्हणाल्या, "कोण आहे? भाऊ, बघा हो, दार उघडत नाहीये." मी हातभर अंतरावर उभा होतो. ओ दिली नाही. फोटोवाला खाली उतरल्यावर कुलूप काढलं आणि वर निघून गेलो. पुढे कोर्टात शपथेवर सांगितलं — त्या घरात कोणी राहत नाही. ताई समोरच बसल्या होत्या. नुसतं माझ्याकडे बघत राहिल्या. घर गेलं. वर्षभरात पानिपतला पुतण्याच्या घरी त्या वारल्या.

तर त्या दुपारी मी दार बडवत असताना फोनवर मंजिरी एकदम म्हणाली, "बाबा, तुमच्या मागे कोण बाई बोलतेय?"

घरात मी एकटा होतो. "काय म्हणतेय?"

"म्हणतेय... भाऊ, अजून हाका मारा."

मला काहीही ऐकू आलं नव्हतं. पाचेक मिनिटांनी हँडल आपोआप फिरलं. बाहेर मंजिरी, हातात डबा. कुलूप नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं. तिने डबा टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे... माझ्या बारावीसाठी?"

खरी जबानी लिहून मी एका वकिलाकडे गेलो. तो हसला. "दोनों पार्टी गुज़र चुकी हैं अंकल, अब किसको दिखाओगे?" म्हणून इथे लिहितोय. लीलाताई त्या घरात राहत होत्या. रोज. मी वर राहत होतो, मला माहीत होतं.

फ्लॅट सोडून मी गुडगावला मंजिरीकडे आलो. आठव्या दिवशी दुपारी चारला तिचा फोन. "बाबा, मी खालून वर आलेय... आपल्या दाराला—" मी धावत दाराशी गेलो. हँडल फिरेना.

जावई इंजिनिअर आहे. दार उघडल्यावर त्याने ते तपासलं, फोन तपासले, कशातच बिघाड नव्हता. मंजिरीला एवढंच सांगून ठेवलंय — कुलूप दिसलं म्हणून परत फिरू नकोस. दार फोड. मी आत असेन.