तुकाबाईच्या तीन रेघा

माझं तोंड एकदा उघडलं की ते बंद करायला आमच्या रत्नाबाईला मध्ये पडावं लागतं, हे अख्ख्या मुळशीला ठाऊक आहे. पण त्या शनिवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला ते उघडलं आणि त्यातून आवाजच निघेना. रत्नाबाई, म्हणजे आमची बायको, घाबरली. तिला वाटलं, ह्यांना झटकाबिटका आला. झटका आलाच होता, फक्त तो तुकाबाईनं दिला होता.

धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या खांद्यावर चार घरांचा धनगरवाडा आहे, तिथली ही बाई. शेळ्यामेंढ्या मिळून नव्वद जितराब. वय विचारलं तर म्हणते, ‘‘पाटलांचा पांढरा बैल पान्यात बुडाला त्या साली मी नांदायला आले, आता काढा तुमीच.’’ शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. अंगठाबहाद्दर. संध्याकाळी कळप वाडग्यात शिरतो तेव्हा ही दाराशी उभी राहते, पण मोजत नाही. नुसती बघते, आणि म्हणते, ‘‘कानतुटकी मागं ऱ्हायली.’’ राहिलेलीच असते.

तिच्या पोराच्या, मल्हारच्या लग्नात तीनशे पान उठलं. शेवटच्या पंगतीला हिनं एका पाहुण्यापुढं जाऊन विचारलं, ‘‘दाजी, तुमी पयल्या पंगतीला फेटा घालून बसलावता, आता टोपी घालून. जिलबी आवडली जनू?’’ तो पाहुणा कोण ते मी सांगणार नाही. आमचाच मेव्हणा होता.

मी पोस्टात होतो. सदतीस वर्षं डाक वाटली. वाड्यावर इंग्रजी कागद आला की तो वाचून दाखवायचं काम माझं. नोटीस असो, दवाखान्याचा कागद असो, आण्णा वाचणार आणि वाडा ऐकणार. कधी पदरचे चार शब्द घालायचो, ती गोष्ट वेगळी. पण छापलेलं वाचायचं आणि त्यात लिहिलंय तसं वागायचं, ही माझ्या हाडात भिनलेली सवय. ती पुढं कशी नडली ते ऐका.

दोन वर्षांपूर्वी मल्हारनं भुकूमची पल्लवी करून आणली. बी. एस्सी. कॉम्प्युटर. गावात पैजा लागल्या, ही पोरगी वाड्यावर किती दिवस टिकते म्हणून. मी एक महिना म्हणालो होतो. तुकाबाईला ते कळलं. (मुळशीत कळत नाही असं काही नाही, आणि बहुतेक वेळा ते माझ्यामुळंच कळतं.) महिना संपला त्या दिवशी ती मुद्दाम डोंगर उतरून आली, ओसरीवर बसली, चहा प्यायली आणि जाताना म्हणाली, ‘‘आज एकतिसावा दिस हाय, आण्णा.’’

सासूसुनेचं रोज वाजायचं. मीठ जास्त झालं, शेळीला पाणी उशिरा पाजलं. पण पल्लवी माहेरी गेली की तुकाबाई दोन दिवसांत चिडचिडी व्हायची आणि जनावरांवर खेकसायची. मी एकदा चिडवलं, ‘‘सुनेवाचून करमंना का?’’

‘‘करमायचं काय त्यात? कामाला हात लागत्यात,’’ म्हणाली, आणि मान वळवली.

तर यंदा जानेवारीत गोष्ट अशी झाली. एका कंपनीत कागदपत्रं तपासायचं काम निघालं. घरी बसून, लॅपटॉपवर. त्यासाठी ऑनलाइन परीक्षा, शनिवारी अकरा वाजता, एकदाच. पास झाली तर पल्लवी वाड्यावरच राहणार आणि नेटसाठी आमच्या ओसरीवर येऊन काम करणार. नापास झाली तर खाली माण गावात एका ऑफिसात पुढच्या टेबलावर बसायची जागा तयार होती. मल्हार माणला खोलीही बघून आला होता. आणि मल्हार-पल्लवी माणला गेले तर नव्वद जितराबांमागं म्हातारी एकटी. म्हणजे कळप विकायचा, दुसरं काय?

तुकाबाई ह्यावर कुणाशी अवाक्षर बोलली नाही. फक्त एके दुपारी रत्नाबाईला तिनं हळूच विचारलं, ‘‘वैनी, मानला त्या खोल्यांत एखादी शेळी ठिवू देत्यात का वो?’’

रत्नाबाई तिला जेवायला वाढत होती. तिनं ताटात आणखी एक भाकरी वाढली.

आता आडवा आला लॅपटॉप. पल्लवीचा कॉलेजातला, निळ्या झाकणाचा, पाटीएवढा हलका. स्वस्तातला. त्याच्या कंपनीनं त्याला नवीन काही द्यायचं केव्हाच बंद केलेलं. परीक्षेचं पान उघडलं की ते म्हणायचं, तुमचं सगळं जुनं झालंय, आत येऊ नका. पल्लवी म्हणाली, ‘‘मशीन धडधाकट हाय आण्णा. ह्यातलं जुनं बाजूला सारून लिनक्स घालते. लिनक्स म्हंजे मशीन चालवणारी दुसरी सिस्टिम, फुकट आणि ताजी.’’

वाड्यावर नेट येत नाही आणि आमच्याकडं पोरानं वायफाय बसवून दिलंय. त्यामुळं आठ दिवस आमची ओसरी म्हणजे कारखाना. पल्लवी दुपारी यायची, आणि मागोमाग तुकाबाईही. मी म्हणालो, ‘‘तू कशाला येतीस उन्हाची?’’

‘‘तुमच्या जिभंपासनं सुनंला राखाया,’’ म्हणाली, आणि बसली खांबाला टेकून.

पहिल्या दिवशी पल्लवीनं लिनक्स उतरवून मेमरी कार्डावर घातलं, कार्ड मशीनला लावलं, तर पडदा काळा ठिक्कर. दुसऱ्या दिवशीही तेच. मग तिच्या ध्यानात आलं. ती सासूला सांगायला लागली, ‘‘आत्या, ह्याच्या पोटात मोबाइलमध्ये असती तसली चिप हाय. एआरएम म्हणत्यात. मी मोठ्या लॅपटॉपचं लिनक्स आनलं.’’

तुकाबाई खो खो हसली. ‘‘मेंढीखाली बकरीचं पोर लावलंस व्हय गं?’’

मग ह्याच मशीनच्या जातीचं लिनक्स शोधलं. तरी मशीन घेईना. का, तर कंपनीची सही असलेलंच तेवढं चालू करायचं, असा त्याच्या आत बंदोबस्त. हे ऐकून तुकाबाई पुढं सरकली. म्हणाली, ‘‘मेंढी बी आसंच करती. हुंगती, न् परकं कोकरू लाथंनं उडवती. मग तिच्या मेलेल्या कोकराचं कातडं परक्याच्या पाठीवर बांधायचं. मग घेती.’’

‘‘हितं कातडं न्हाई आत्या, हुंगायचंच बंद करायचं,’’ पल्लवी म्हणाली. मशीनला आधी मोकळं करायचं. ते करताना त्यातलं सगळं पुसलं जातं. मग काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचे: कार्डावरून सुरू हो, आणि सही बघू नको. मी मधूनमधून माझ्या पोस्टातल्या हकिगती सांगत होतो. पोरगी ‘‘व्हय आण्णा, व्हय आण्णा’’ म्हणत बोटं चालवत होती. तुकाबाई पडद्याकडं बघत बसलेली.

शुक्रवारी चार वाजता लिनक्स उघडलं. निळाशार पडदा, परीक्षेचं पान लख्ख. मी टाळी वाजवली. पल्लवी म्हणाली, मशीन इथंच राहू दे, उद्या इथूनच परीक्षा देते. जाताना तिनं बजावलं, ‘‘चालू करताना आदी तांबडी खूण येती. तिकडं बगायचं न्हाई. कंट्रोल न् यू दाबायचं, की कार्डावरनं सुरू.’’ हे ती बोलली तेव्हा मी रत्नाबाईला पाहुण्याच्या जिलबीची गोष्ट पुन्हा सांगत होतो. ऐकलं फक्त तुकाबाईनं.

शनिवारी दहा वाजता मला उपकार करायची हुक्की आली. म्हटलं, पोरगी डोंगर उतरून येईल, दमलेली असेल, आपण यंत्र चालू करून ठेवू. झाकण उघडलं, बटण दाबलं. पडद्यावर तांबडं उद्गारचिन्ह! खाली इंग्रजी. मी चष्मा लावला आणि वाचलं: तपासणी बंद आहे, पुन्हा चालू करायची तर स्पेसबार, म्हणजे ती खालची लांब पट्टी, दाबा. मी हादरलो. तपासणी बंद, आणि तीही परीक्षेच्या दिवशी? दाबली लांब पट्टी. मग आलं: खात्री असेल तर एंटर दाबा. माझी खात्री होतीच. आयुष्यभर मला कशाची खात्री नव्हती?

यंत्र बंद झालं, पुन्हा उघडलं, आणि पडद्यावर ‘स्वागत आहे’ अशा अर्थाचं काहीतरी आलं. नव्या यंत्रावर येतं तसं.

दहा मिनिटांनी दोघी आल्या. पल्लवीनं पडदा बघितला आणि तिच्या हातातली पिशवी खाली पडली.

‘‘आण्णा, काय केलंत?’’

‘‘त्यात लिहिलं होतं तेच केलं गं.’’

‘‘लिहिलं व्हतं!’’ तुकाबाई म्हणाली. दोनच शब्द, पण मला कुणीतरी काठी घातल्यासारखं झालं.

रत्नाबाई आतून आली, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि सगळं समजली. ‘‘ह्यांना वाचता येतं ना, तीच पीडा हाय,’’ म्हणाली.

पल्लवी मट्कन बसली. पांढरीफटक. कशामागून काय करायचं ते लिहिलेला तिचा कागद वाड्यावर, फळीवर. चढायला तास. फोनवर शोधायला लागली, तर तिथं दहा जण दहा तऱ्हेचं सांगणारे. तिला एकच धीर होता, लिनक्स कार्डावर होतं म्हणून ते शाबूत होतं. पण मशीन पुन्हा कंपनीचं झालेलं, कार्डाकडं ढुंकूनही बघेना. तिनं घाईघाईत बटणं दाबली, तर दुसरंच काहीतरी उघडत होतं.

तुकाबाई तिच्याशेजारी बसली. ‘‘डाव्या कोपऱ्यातलं न् गोल बाण दाबून धर. आता चालू करायचं बटान. सोड.’’ पडदा बदलला. ‘‘आता कंट्रोल न् मधल्या ओळीतलं तिसरं. मग मोठं बटान.’’

यंत्र स्वतःला पुसायला लागलं. दहा मिनिटं तरी लागणार. पल्लवीचा हात सारखा पुढं जात होता आणि तुकाबाई तो धरून ठेवत होती. ‘‘विताना मेंढीला ढोसत न्हाईत, पोरी.’’

दहा पंचवीस. पल्लवीनं हुकूम टाइप करायचा काळा पडदा उघडला, आठवून आठवून एक ओळ टाइप केली, बंद करून चालू केलं. तांबडी खूण आली. मी हात पाठीमागं बांधून घेतले. तिनं कंट्रोल आणि यू दाबलं. यंत्रानं ‘टुंय’ केलं आणि जागचं हललं नाही. पुन्हा दाबलं. टुंय. साडेदहा.

‘‘झालं,’’ पल्लवी म्हणाली. डोळे भरले होते. ‘‘काय चुकतंय तेच कळंना. आत्या, जाऊ द्या. मानला जायाचं तर मानला.’’

तेव्हा तुकाबाई बोलली. आवाज अगदी वाडग्याच्या दारातला.

‘‘एक मागं ऱ्हायली.’’

‘‘काय?’’

‘‘ओळ. काल तू दोन टाकल्यावत्यास. पयलीत खाली लोळलेल्या रेघा दोन. ती आज टाकलीस. दुसरी लांब व्हती, तिच्यात तीन रेघा. तीनवाली आली न्हाई.’’

पल्लवीचे ओठ हलायला लागले, आणि ती एकदम ओरडली, ‘‘सही! सही बघू नको म्हणायची ओळ!’’

तिनं पुन्हा काळा पडदा उघडला आणि टाइप केलं. मी मागून वाकून मोजलं. शब्दाशब्दांच्या मधे, खाली आडव्या पडलेल्या रेघा: एक, दोन, तीन. माझं तोंड उघडलं ते ह्या वेळी. सदतीस वर्षं मी अक्षरं वाचली आणि त्या रेघा मला काल दिसल्यासुद्धा नव्हत्या. जिला ‘अ’ माहीत नाही, तिनं एकदा बघितलेली ओळ तिच्या कानांवरून, शेपटीवरून ओळखली होती.

दहा चाळीसला निळा पडदा उघडला. अकराला परीक्षा सुरू झाली. दोन तास तुकाबाई दारात बसून होती. मला शिंकही येऊ दिली नाही.

मी नंतर तिला विचारलं, ‘‘अगं, तुला हे सगळं ध्यानात कसं राहिलं?’’

‘‘तुमी बोलत व्हता सारखं. मग मी काय करनार? बगत बसले.’’

नवव्या दिवशी निकाल आला. पास. मल्हारनं माणच्या खोलीवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. पल्लवी पेढे घेऊन आली. लॅपटॉपही आणला होता, सही करायचे कागद उतरवून घ्यायला. मागून तुकाबाई. तिच्या हातात करवंटी होती आणि करवंटीत कालवलेला गेरू, मेंढ्यांच्या पाठीवर खूण करतात तो. सुनेला म्हणाली, ‘‘झाकन उघड. दाव ती लांब पट्टी.’’ तिच्या एका टोकाला बोटानं तांबडा ठिपका दिला. ‘‘तांबडी खूण पडद्यावर असंल तवर हिला शिवायचं न्हाई.’’

मग माझ्याकडं वळली. ‘‘आण्णा, हात.’’

मला वाटलं, पेढा देतेय. मी हात पुढं केला. तिनं माझ्या उजव्या हाताचं पहिलं बोट धरलं आणि पेरापर्यंत गेरूत बुडवलं.

‘‘अगं, हे काय?’’

‘‘कळपातलं खोडसाळ जनावर लांबनं वळकू यावं म्हनून.’’

पल्लवी ओसरीवरच्या खांबाला धरून हसली. मी चार दिवस साबणानं, राखेनं घासलं, जाईना. पाचव्या दिवशी बोट स्वच्छ झालं, तर रत्नाबाईनं ते निरखून बघितलं आणि म्हणाली, ‘‘वाड्यावर जा, पुन्हा लावून घ्या.’’