रिकाम्या रकान्यातलं नाव

खोपोलीच्या कारखान्यात संगणक आला, तेव्हा अख्ख्या खालापूर तालुक्यात तो चालवणारा मी एकटाच, अशी माझी समजूत होती. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. थंडगार खोलीत चपला बाहेर काढून बसायचो आणि डोक्यात हवा गेलेली.

कामगारांची दवाखान्याची कार्डं करायची होती. माहिती डेटाबेसमध्ये भरलेली. तिथली एकेक ओळ उचलून छापणारा प्रोग्राम माझा, माहिती मागवणारी आज्ञा, म्हणजे क्वेरी, त्याच्या पोटातच लिहिलेली. त्यात एक मेख होती. एखादा रकाना 'नल' असला, म्हणजे तिथे काही भरलेलंच नसलं, तर प्रोग्रामच्या हाती नवं काहीच येत नाही, आधीच्या ओळीतलं तसंच राहतं. ते कळावं म्हणून रकान्याच्या जोडीला 'इंडिकेटर' ठेवायचा. त्यात उणे एक आलं की समजायचं, इथे काही नाही. पुस्तकात हे ठळक छापलं होतं. पतीच्या नावाला मी तो लावला नाही. कोण एवढं टाइप करत बसणार!

पॅकिंगमध्ये चौक गावाजवळच्या एका खेड्यातल्या दोन मैत्रिणी एकाच दिवशी कामाला लागल्या होत्या, म्हणून त्यांचे बिल्ला नंबर लागोपाठचे, आणि यादीतही एकीच्या खाली दुसरी. दुसरीला नवऱ्याने टाकलं होतं. फॉर्म भरताना कारकुनाने पतीचं नाव विचारलं, तर ती म्हणाली, "नाय." नवरा नाही, की त्याचं नाव घेत नाही, हे काही त्याने विचारलं नाही. रकाना तसाच सोडला.

कार्डांआधी यादी छापून तपासण्यासाठी गेटवर लागली. तिच्या नावापुढे मैत्रिणीच्या नवऱ्याचं नाव! जेवणाच्या सुट्टीत बायका हसल्या, संध्याकाळी गाव हसलं. मैत्रिणीने तिच्याशी बोलणं टाकलं.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांपुढे उभी राहिली. साहेबांनी मला बोलावलं. काय घडलं ते मला केव्हाच कळलं होतं. तरी मी म्हणालो, "कॉम्प्युटर मनचं काही लिहीत नाही, साहेब. हिने सांगितलं तेच छापलं असणार." आळसाने चूक झाली, ते एक वेळ ठीक. पण हे चक्क खोटं होतं, आणि तेही मान वर करून. आजही आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

त्याच दुपारी इंडिकेटर लावला. दोन ओळींचं काम. नवी यादी चिकटवली, तिचा रकाना कोरा. मला वाटलं, मिटलं.

ती माझ्या खोलीच्या दाराशी आली.

"सायब, येकडाव गेटावर येऊन बोला, चूक तुमची व्हती म्हनून. ती माज्याशी बोलंना."

"अहो, नवी यादी लावली आहे ना."

"तिच्यात काय हाय? कोरी जागा. कोरी जागा कोन वाचतंय, सायब?"

"बरं, येतो," म्हणालो आणि पडद्याकडे वळलो.

सुट्टीचा भोंगा झाला. मी खुर्चीतून उठलो नाही. सगळ्या बायका पांगेपर्यंत ती गेटापाशी थांबलेली मला काचेतून दिसत होती. मी येईन, असं तिला खरंच वाटलं होतं.