वाणातले गुलाब

सुलोचनाअक्कांच्या पंचाहत्तरीच्या अंकासाठी लिहाल का, असं विचारल्यावर मी लगेच हो म्हटलं, आणि त्यानंतर तीनदा कागद फाडले. अक्कांविषयी लिहायचं तर आमची पहिली भेट सांगायला हवी, आणि ती सांगायची तर एक गोष्ट कबूल करायला हवी. आपल्या मराठी मंडळातल्या तुम्ही सगळ्या हे वाचणार, म्हणून हात अडखळतो.

नव्वद-एक्याण्णवच्या सुमारास आम्ही पुण्याहून इकडे कानडी मुलखात, येलहंक्याला आलो. यजमान पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात जात आणि मी दिवसभर घरात येरझारा घालत असे. कुणी ओळखीचं नाही, स्वभाव उतावळा. मंडळातलं पहिलंच संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. सगळ्या वाट्या-डबे लुटतात, आपण स्वतः वाढवलेली गुलाबाची रोपं लुटावीत, असं मी ठरवलं. छाप पाडायची होती, दुसरं काय.

आठवडाभर आधी कोवळी पानं वळलेली दिसली. काहींवर चंदेरी ओरखडे होते, त्यात काळे ठिपके. काहीतरी बिघडलंय, हे मला कळलं होतं. पण दुसरं वाण आणायचा धीर नव्हता. मी वळलेले शेंडे खुडले, कुंड्या पुसल्या आणि रोपं वाटून टाकली.

महिनाभराने अक्का दारात उभ्या. बेळगावकडच्या, शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, हातात एक कोरा पांढरा कागद. मंडळात त्यांना नुसतं पाहिलं होतं. त्यांनी माझ्या गुलाबाचं फूल कागदावर धरून टिचकी मारली. कागदावर पिवळसर, सुईच्या टोकाएवढे कण पडले आणि चालू लागले.

"फुलकिडे हे," अक्का म्हणाल्या. "रोपं दिलीस तेव्हा ठाऊक होतं काय गं तुला?"

मी म्हणाले, "नाही हो."

अक्कांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "सरी," एवढंच म्हणाल्या. ठीक आहे, असं म्हणायची त्यांची नेहमीची कानडी रीत. पुन्हा कधी विचारलं नाही.

मला जालीम औषध मारून एका दिवसात प्रकरण मिटवायचं होतं. अक्का म्हणाल्या, "स्वल्प दमानं घे की. औषधानं कोळी मरतील, ठिपक्यांचे चित्रांग भुंगेरे मरतील. ह्यांना खाणारं कोण राहणार मग?" त्यांची पद्धत संथ. किडलेल्या कळ्या खुडून पिशवीत बांधायच्या, पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरकस फवारा द्यायचा, संध्याकाळी निंबोळी अर्क, आणि आठवड्याने पुन्हा तेच, कारण काही किडे मातीत दडून बसतात. यजमानांनी कारखान्यातले पत्र्याचे तुकडे आणून दिले. त्यांना निळा रंग देऊन वर एरंडेल फासलं. निळ्यावर ते येऊन चिकटतात, हे मी तेव्हा पाहिलं.

अक्का मला घेऊन घरोघरी गेल्या, कधी बसने, कधी पायी. के. आर. पुरमच्या एका वहिनी चांगल्याच चिडल्या होत्या. "ही पीडा आणली कुणी?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मी अक्कांच्या मागे सरले. अक्का शांतपणे म्हणाल्या, "कोरड्या दिवसांत येत्यातच ही. माझ्या बागेतबी हायेत." आणि कागद पुढे केला.

दोन-अडीच महिन्यांत बहुतेक रोपं सावरली. मंडळात माझी ओळख 'गुलाबवाली' अशी झाली, आणि ती ऐकताना मला दर वेळी लाज वाटली.

अक्कांच्या बागेत ते किडे होते, हे खरंच होतं. या लेखासाठी माहिती विचारायला गेले तेव्हा त्यांच्या लेकीने सांगितलं. माझं वाण अक्कांनी आपल्या यजमानांनी लावलेल्या जुन्या गुलाबाशेजारी ठेवलं होतं. ते यजमान तेव्हा हयात नव्हते; आपलं मंडळ वाण देताना सधवा-विधवा पाहत नाही. तो गुलाब वाचला नाही. इतकी वर्षं अक्कांनी मला हे कळू दिलं नाही.

शिवाय माझ्या प्रत्येक रोपाचे शेंडे खुडलेले होते. जन्मभर झाडं शिकवलेल्या बाईंना त्याचा अर्थ पहिल्याच दिवशी कळला असणार.

अक्का, आता तुम्हाला कागदावरचे किडे दिसत नाहीत, मी पाहून सांगते. असंच अजून पुष्कळ वर्षं सांगायला मिळो. गुडघे साथ देवोत, शंभरीचं हळदीकुंकू तुमच्याच अंगणात होवो. आणि तुम्ही दारात उभं राहून विचारलं होतं ना, त्याचं उत्तर आज देते. हो, ठाऊक होतं. हे वाचून झालं की एकदा 'सरी' म्हणा.