लाथेनंतरचा नमस्कार

किस्से गोळा करावे लागत नाहीत. एखादा नियम काटेकोरपणे पाळायचे ठरवा आणि शांत बसा. ते आपोआप जमू लागतात. एकतीस वर्षे हायस्कुलात संस्कृत शिकवताना मला हा अनुभव येत होता. निवृत्तीनंतर तो कराटेच्या वर्गात पुन्हा येईल, असे मात्र वाटले नव्हते.

म्हैसुरातल्या आमच्या अग्रहार वस्तीत मोहन जाधव कराटेचा वर्ग चालवतो. तो माझा विद्यार्थी. संस्कृतात सामान्य, वागण्यात उत्तम. दर सहा महिन्यांनी तो बेल्टची परीक्षा घेतो. पांढऱ्यापासून रंग चढत जातात, तपकिरीनंतर काळा. तीन वर्षांपूर्वी तो घरी आला आणि म्हणाला, “मिस, मी ओळखीपाळखीने बेल्ट वाटतो, असं पालक बोलतात. परीक्षक म्हणून तुम्ही बसा. तुमच्यावर कोणी संशय घेणार नाही.”

“मला कराटेतले काही कळत नाही.”

“नियम कळतो न, मिस. तुम्ही सख्ख्या भाचीला नापास केलं होतं. सगळ्या अग्रहाराला माहीत आहे.”

भाचीला मी दोन गुणांनी नापास केले होते, हे खरे. ती अजूनही माझ्याशी बोलते, पण बेताने. मी होकार दिला.

* * *

पहिल्याच दिवशी मोहनने निकषांचा छापील कागद माझ्यापुढे ठेवला. पहिले वाक्य होते, ‘लाथ सुंदर असावी.’

“सुंदर हे मत झाले, मोहन. निकष सांग.”

त्याने हवेत दोन लाथा मारून पाहिल्या आणि विचार करून म्हणाला, “पाय कमरेच्या वर जावा. तोल जाऊ नये. पाय लगेच मागे यावा आणि दोन्ही हात तोंडासमोर राहावेत, म्हणजे उलटा ठोसा आला तर अडवता येतो.”

“मग हेच लिही.”

“हे लिहिलं तर निम्मे नापास होतील, मिस.”

“‘सुंदर’ लिहून आजवर किती झाले?”

“एकही नाही,” तो खाली बघत म्हणाला आणि लिहू लागला.

* * *

त्याच परीक्षेत गुणपत्रक माझ्या हाती आले, तेव्हा शेऱ्याच्या रकान्यात अकरा जणांपुढे एकच शब्द होता : ‘परवागिल्ला’. म्हैसुरात राहणाऱ्याला हा कन्नड शब्द समजावून सांगावा लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते : ‘ठीक आहे’, ‘चालेल’, ‘हरकत नाही’ आणि ‘वाईट वाटून घेऊ नका’, हे सगळे अर्थ त्यात मावतात.

“मोहन, परवागिल्ला म्हणजे पास की नापास?”

“ते आवाजावर असतं, मिस.”

तेव्हापासून शेऱ्याचा रकाना माझ्याकडे आहे.

* * *

आता पद्मिनीविषयी. पद्मिनी आमच्याच गल्लीतली, सत्तेचाळीस वर्षांची. नंजनगूडच्या एका कारखान्यात पॅकिंग विभागात काम करते. सकाळच्या बसने जाते, संध्याकाळच्या बसने परतते. मुलीला वर्गाला सोडायला यायची. मुलीने दोन महिन्यांत वर्ग सोडला; आई राहिली. तिच्या कारखान्यातल्या बावीस बायकांनी तिला गाठले आणि म्हणाल्या, “आम्हालाही शिकव.” बसथांब्यापासून घरापर्यंतचा अंधारा रस्ता प्रत्येकीलाच होता. शनिवारी कँटीनची खोली मिळण्याचेही ठरले. अडचण एकच : तपकिरी बेल्टच्या खालच्या कोणीही शिकवायचे नाही, असा मोहनचा नियम, आणि पद्मिनीकडे निळा.

तिची तपकिरी बेल्टची परीक्षा रक्षित नावाच्या कॉलेजच्या मुलाशी लागली. पद्मिनीची पहिली लाथ त्याच्या बरगडीवर अशी बसली की मागे बसलेले पालकही हलले. आणि मग पद्मिनी वाकली, रक्षितला हात लावला आणि तो हात आपल्या कपाळाला लावला.

चुकून कुणाला पाय लागला की आपण हेच करतो. तिने मुद्दाम काहीच केले नव्हते. पाय लागला, हात गेला. दुसऱ्या लाथेनंतरही तेच, तिसऱ्या लाथेनंतरही तेच. रक्षित चांगल्या घरातला मुलगा. वयाने मोठी बाई वाकते आहे, हे पाहून चौथ्या वेळी त्यानेही वाकून तिला नमस्कार केला. मोहनने ‘थांबा’ म्हणेपर्यंत दोघे एकमेकांना नमस्कारच करत होते.

मी शेरा लिहिला : ‘लाथ उत्तम. त्यानंतर बचाव नाही. नापास.’

मोहन माझ्यामागे जिन्यापर्यंत आला. “मिस, बावीस बायका वाट बघताहेत. परवागिल्ला म्हणून सोडा न.”

“रस्त्यात जो अडवेल, तो तिचा नमस्कार संपेपर्यंत थांबेल का?”

मोहन जिन्यावरूनच परत फिरला. घरी जाताना मला स्वतःचा राग आला नाही, असे म्हणणे खोटे ठरेल.

* * *

लेखी परीक्षेऐवजी लहान मुलांची तोंडी परीक्षा घ्यावी, ही सूचना माझीच. अट एक : ज्या भाषेत वाक्य सुरू केले, त्याच भाषेत ते संपवायचे. आमच्या घरांतील मुले कर्त्यापाशी मराठी असतात आणि क्रियापदापाशी पोहोचेतो कन्नड होतात.

सात वर्षांच्या तन्वीला मी विचारले, “‘मावाशी गेरी’ म्हणजे काय?” कराटेतल्या एका लाथेचे हे जपानी नाव, पाय बाजूने गोल फिरवून मारायची लाथ, एवढेच उत्तर अपेक्षित होते.

तन्वी ताठ उभी राहिली. “मावशीला घेरी येईल इतक्या जोरात मारायची लाथ.”

अर्थ साफ चुकीचा होता. परंतु कर्ता, कर्म, क्रियापद, विभक्ती, सगळे जागच्या जागी, आणि शेवटपर्यंत मराठी. मी अर्धा गुण दिला. मोहनने कारण विचारले, तेव्हा मी म्हणाले, “लाथ तुझ्याकडे. वाक्य माझ्याकडे.”

* * *

एक वडील दर परीक्षेला मोबाइलवर चित्रीकरण करतात. मुलाची लाथ कमी उंचीची म्हणून मी गुण कापले, तेव्हा ते थेट टेबलापाशी आले. “मॅडम, व्हिडिओ बघा. पाय कमरेच्या वर आहे, अल्वा? आहे की नाही?”

मी चष्मा पुसून दोनदा पाहिले. “पाय वर गेलेला नाही. कंबर खाली आलेली आहे.”

त्यांनी तिसऱ्यांदा पाहिले, मोबाइल खिशात ठेवला आणि मुलाला म्हणाले, “नडी, घरी जाऊन कमरेचं बघू.” मुलाची मातृभाषा कशी तयार होते, ते मला त्या क्षणी पुन्हा एकदा कळले, कारण ‘नडी’ म्हणजे ‘चल’, एवढेच त्या वाक्यात कन्नड होते.

* * *

शहराच्या गोकुलम भागात योग शिकायला आलेली एक परदेशी मुलगी काही महिने वर्गाला येत असे. पिवळ्या बेल्टच्या परीक्षेत मोहनने तिला घोड्यावर बसल्यासारखे गुडघे वाकवून उभे राहायला सांगितले. तेवढ्यात त्याला फोन आला. तो बाहेर गेला, बोलत बोलत चहा घेतला आणि विसरला. बावीस मिनिटांनी परतला, तेव्हा ती तशीच उभी होती. डोळे मिटलेले, चेहरा प्रसन्न.

तिला मी दहापैकी दहा दिले आणि शेऱ्यात लिहिले, ‘परीक्षक नापास.’ मोहनने त्याखाली सही केली. मोहन संस्कृतात सामान्य होता. प्रामाणिक नेहमीच होता.

* * *

दुसऱ्या परीक्षेच्या वेळी पद्मिनी पूर्ण तयारीने आली. सामना सुरू होण्याआधीच ती रक्षितपुढे वाकली आणि नमस्कार करू लागली. एक, दोन, तीन. मी पेन खाली ठेवले.

“पद्मिनी, हे काय चालले आहे?”

“आगाऊ करून ठेवते, अक्का. मग मध्ये हात जायचा नाही.”

निकषांत याविरुद्ध काही लिहिलेले नव्हते. मी दोनदा तपासले आणि परवानगी दिली. सात नमस्कार झाले आणि सामना सुरू झाला. खरोखरच तिचा हात खाली गेला नाही. लाथ लागत होती, हात तोंडासमोर राहत होते. मोहन माझ्याकडे बघून हसू लागला होता. आणि अखेरच्या मिनिटात पद्मिनी वाकली, रक्षितला हात लावला. रक्षितचा ठोसा तिच्या कानावरून गेला.

बाहेर पायरीवर बसून ती कान चोळत होती. मी शेजारी बसले.

“काय झाले?”

“सात केले होते, अक्का. आठवी लाथ लागेल असं वाटलंच नव्हतं.”

मग तिने कमरेचा निळा बेल्ट नीट केला आणि हळूच म्हणाली, “कारखान्यातल्या बायका दर शनिवारी विचारतात. मी म्हणते, आमच्या अक्का कडक आहेत, उगाच, सुम्मने बेल्ट देत नाहीत. तर म्हणतात, मग त्यांनी दिलेलाच पाहिजे.”

पायरीवरून उठायला मला वेळ लागला. गुडघा दुखतो, एवढे कारण पुरेसे होते.

* * *

गेल्या महिन्यात तिसरी परीक्षा झाली. रक्षित आता तिच्यासमोर उभा राहायला तयार नव्हता. मोठ्या बाईला मारल्याचे त्याला फार लागले होते. मोहन स्वतः उतरला. त्याने मला आधीच बजावले, “मिस, मी सोडणार नाही. हात खाली गेला की तोंडावर ठोसा.”

“सोडू नकोस,” मी म्हणाले. शेऱ्याचा कागद पुढे ओढून घेतला.

दोन मिनिटे दोघेही सावध होते. मग पद्मिनीचा पाय गोल फिरला आणि मोहनच्या बरगडीवर बसला. तिचा उजवा हात तत्काळ खाली गेला, मोहनच्या कमरेला लागला आणि नेहमीप्रमाणे आपल्या कपाळाकडे निघाला. मोहन त्याचीच वाट पाहत होता. त्याने सरळ तोंडावर ठोसा टाकला. खालून कपाळाकडे निघालेल्या हातावर तो आदळला आणि डोक्यावरून निघून गेला. त्याच क्षणी पद्मिनीची डावी मूठ मोहनच्या पोटात बसली आणि आमचे मास्तर जमिनीवर.

मोहन पोट धरून उठला. “मिस, हा नमस्कार होता की ब्लॉक?”

मी पद्मिनीकडे पाहिले. तिचा हात अजून कपाळापाशीच होता.

“निघाला तेव्हा नमस्कारच होता, अक्का,” ती म्हणाली.

मी पेनाचे टोपण काढले आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले : ‘श्लेष. दहापैकी दहा.’