चुनाभट्टीमागचा चाकवत

मी निवृत्त झालो त्याच हिवाळ्यातली ही गोष्ट की पुढच्या, हे आता छातीठोकपणे सांगवत नाही. पण माती मी खाल्ली, तेवढं पक्कं आठवतं. बसा, चहा घ्या, सांगतो.

वणीच्या कॉलेजात जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण आपल्या नावावर एकाही झाडाचा शोध नाही, ही खंत होती. मग एके दिवशी जवळच्या राजूरला, एका चुनाभट्टीमागे, ते रोप दिसलं. वीतभर उंच, खोड ताठ, पानं बारकी, जाडसर, बदकाच्या पावलासारखी, आणि वरून पांढरीशुभ्र भुकटी. चाकवताच्याच कुळातली, पण वाळवंटात एका पावसावर जगून मरणारी जात. आपल्या जिल्ह्यात कोणी पाहिलेली नाही.

तेवढ्यात भट्टीवर काम करणारी कौसल्याबाई विळा घेऊन आली.

"बाई, हे तोडू नका."

"काहून? भाजी हाय ते. थंडीभर आमी हेच खातो."

"ही ती भाजी नाही. कदाचित विषारी असेल. खात्रीने सांगत नाही मी."

"खात्री नाई तं मंग कायले सांगून राह्यले, सर?"

आता काय करायचं? बी धरेपर्यंत रोप जगायला हवं होतं. आयुष्यभर प्रत्येक वाक्यात 'बहुधा' घालणारा मी म्हणालो, "विषारी आहे. माणूस दगावतो." बाई विळा पदराखाली घेऊन निघून गेली.

मी एक फांदी घरी आणली आणि चार पानी वर्णन लिहिलं. भुकटीवरच दीड पान. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर फांदी पेल्यात उभी, हिरवीगार.

"हिला काय केलंस?"

"धुतली," बायको म्हणाली. "केवढा चुना होता तिच्यावर. चाकवत आणायचा तं जुडी आणायची, एका फांदीत काय होते?"

मी खुर्चीत बसलो. भट्टीच्या धगीने आणि तहानेने खुरटलेला साधा चाकवत, वर उडालेला चुना. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही आधी पान धुतो हो.

दुसऱ्या दिवशी धावतपळत राजूर गाठलं. भट्टीमागे चाकवताचं एकही रोप शिल्लक नव्हतं. बायांनी सगळं उपटून भट्टीत टाकलं होतं.

"कौसल्याबाई, माझं चुकलं. तो चाकवतच होता. बिनधास्त खा."

तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "काल म्हनत होते मरसान, आज म्हनता खा. घरात लेकरं हायेत, सर. मी कोनत्या दिवसाचं आयकू?"

त्या थंडीत त्यांनी कशाशी भाकर खाल्ली असेल, हा विचार अजून झोपताना येतो.

बऱ्याच वर्षांनी, आता तरी खातात ना, याची खात्री करायला, पुन्हा गेलो. भट्टीमागे चाकवत कमरेएवढा माजलेला, कोणी न तोडलेला. मी वाकलो, तोच कौसल्याबाईची सून ओरडली, "आजोबा, हात नोका लावू. माणूस मरते त्यानं. कालेजच्या लय मोठ्या सरनं सांगतलं हाय."

मी हात मागे घेतला.